टब आपटतोय? रॉड घेण्याआधी आवाज कधी येतो ते ऐका

ठाण्यात वर्तकनगरला राहणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. साडेसहा किलोचं फुल ऑटोमॅटिक टॉप लोड मशीन, सात वर्षं वापरलेलं, ड्राय बाल्कनीत चाकांच्या स्टँडवर ठेवलेलं. दोनेक महिन्यांपासून कपडे पिळायच्या वेळी टब बॉडीवर धाडधाड आपटतो, मशीन मध्येच थांबून पुन्हा पाणी घेतं आणि शेवटी एरर दाखवून बंद पडतं. एका मेकॅनिकने सस्पेन्शन (म्हणजे टब ज्यांवर लटकतो ते चार रॉड) आणि गिअरबॉक्स दोन्ही बदलायला सांगितलं, दुसरा म्हणाला नवीनच घ्या. यांना मात्र उजवीकडचा पुढचा रॉड ढिला वाटतोय. तो एकच बदलला तर चालेल का आणि हे काम घरी जमेल का, असं त्यांनी विचारलंय.

आधी सरळ उत्तर देतो. सात वर्षांच्या मशीनला एकच रॉड टाकू नका, चारही बदला. काम घरी जमण्यासारखं आहे, फक्त सोबत दुसरा माणूस हवा. पण तुमचा खरा प्रश्न त्याआधीचा आहे: दोष रॉडचाच आहे हे ठरलंय का? तुमच्या वर्णनात मला सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे तो चाकांचा स्टँड. नेरुळ, कोपरखैरणे, ठाणे या पट्ट्यात मी हीच कामं करतो. रॉड बदलूनही आपटणं तसंच राहिलं अशी तक्रार आली, की मी मशीन उघडण्याआधी त्याच्या खाली बघतो.

टॉप लोडचा बाहेरचा टब तळावर टेकलेला नसतो. बॉडीच्या चार कोपऱ्यांतून चार रॉड खाली येतात आणि टब त्यांच्यावर झोपाळ्यासारखा लटकलेला असतो. आतला ड्रम, मोटर, गिअरबॉक्स, पाणी, कपडे, सगळा भार त्या चार रॉडवर. प्रत्येक रॉड दोनेक फुटांचा असतो. त्याचं वरचं टोक कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या वाटीत बसतं. खालच्या टोकाला स्प्रिंग असते आणि तिच्याभोवती प्लॅस्टिकची टोपी. टबला बाहेरून जे कान असतात, ते या टोपीवर टेकतात. टोपीच्या आत चिकट ग्रीस असतं. स्प्रिंग वजन पेलते. टोपी आणि ग्रीसचं घर्षण टबचं हेलकावणं थांबवतं. स्प्रिंग दबून बसली तर टब खाली येतो किंवा एका बाजूला कलतो. ग्रीस सुकलं किंवा टोपी झिजली तर टब जागेवर असतो, पण एकदा हलला की थांबत नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि बहुतेक जुन्या मशीनमध्ये दुसरं आधी येतं.

म्हणून मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो की आवाज नक्की कधी येतो. स्पिन सुरू झाल्यावर ड्रम हळूहळू वेग घेतो. साधारण मिनिटाला शंभर ते दोनशे फेऱ्यांच्या आसपास एक टप्पा असा येतो, की ड्रमच्या फिरण्याची लय आणि लटकलेल्या टबच्या हेलकाव्याची लय जुळते. त्या काही सेकंदांत टब सगळ्यात जास्त झुलतो. निरोगी मशीनमध्येही तेव्हा थोडी थरथर दिसते, मग वेग वाढला की टब शांत होतो. टोप्यांचं काम त्या टप्प्यातून टबला सुखरूप पार नेणं. तेव्हा पहिल्या अर्ध्या मिनिटातच आपटत असेल आणि एखाद वेळी तो टप्पा पार झाल्यावर पुढचं स्पिन गुपचूप होत असेल, तर संशय रॉडवर घ्या. सुरुवात ठीक असून पूर्ण वेग आल्यावर सगळं मशीनच थरथरत, सरकत असेल, तर आधी जमीन, पाय आणि स्टँड बघा, मग ड्रमची बॅलन्स रिंग. आणि आवाज आपटण्याचा नसून घरघरीचा असेल, वेगाबरोबर वाढत जाणारा, तर ते बेअरिंगचं काम आहे. त्याचा सस्पेन्शनशी संबंध नाही.

मध्येच पाणी घेणं हेही समजून घ्या, कारण बरेच जण त्यावरून पीसीबी, म्हणजे मशीनचं इलेक्ट्रॉनिक सर्किट, गेला असं समजतात. टब जास्त हलला की जुन्या मॉडेलमध्ये कोपऱ्यातल्या एका दांडीला धक्का लागतो आणि तिचा स्विच सुटतो. नव्या मॉडेलमध्ये हेच काम सेन्सर करतो. मग मशीन थांबतं, पाणी भरून कपडे सैल करून पाहतं आणि पुन्हा स्पिनला जातं. दोन-तीनदा जमलं नाही की हात टेकतं. एलजीच्या मशीनवर तेव्हा ‘यूई’ दिसतं, बाकी कंपन्यांचे आपापले कोड आहेत. म्हणजे एरर खरा आहे, मशीन स्वतःला वाचवतंय. घोडबंदरच्या बाजूला टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत हे प्रत्येक वेळचं जादा पाणी लोकांना रॉडपेक्षा महाग पडतं, ते वेगळंच.

एक हिशेब सांगतो, म्हणजे मी याला नुसती कटकट का मानत नाही ते कळेल. ड्रमच्या एका बाजूला एक किलो ओलं कापड जास्त जमलंय असं धरा. ड्रमची त्रिज्या २२ सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला ७०० फेऱ्या. त्या एका किलोचा बाहेरच्या दिशेने ओढण्याचा जोर जवळपास १२० किलोच्या वजनाइतका होतो, आणि त्याची दिशा सेकंदाला अकरा-बारा वेळा गोल फिरते. हे सगळं शेवटी मशीनच्या चार पायांतून जमिनीत जायला हवं. ते पाय चाकांच्या प्लॅस्टिक स्टँडवर असतील तर काय होणार? स्टँड स्वतः लवचिक, चाकं थोडी खेळणारी. खालूनच हालचाल मिळाल्यावर चांगले रॉडही टब सांभाळू शकत नाहीत.

त्यात आपल्याकडच्या ड्राय बाल्कनीची लादी कधी सपाट नसते, आणि नसायलाच हवी. पाणी जाळीकडे वाहावं म्हणून तिला ढाळ दिलेला असतो. सिडकोच्या जुन्या इमारतींत मशीन बाथरूममध्येच ठेवतात, तिथेही तेच. मशीन त्या ढाळावर तिरकं उभं राहिलं की टब एका भिंतीकडे कलतो, आणि मग घरच्यांना ‘त्या बाजूचा रॉड ढिला’ वाटतो. तुमच्या उजवीकडच्या पुढच्या रॉडबद्दल मला हीच शंका आहे. जाळी कुठे आहे बघा. त्याच कोपऱ्यात असेल तर रॉडला दोष देण्याआधी थांबा.

तेव्हा पैसे खर्च करण्याआधी एवढं करा. मशीन स्टँडवरून उतरवून थेट लादीवर ठेवा. झाकणाच्या कडेवर पाणसळ ठेवा, आडवी आणि उभी दोन्हीकडे. पाय फिरवून मशीन समतल करा, वरच्या नटने ते पाय घट्ट करा आणि समोरासमोरचे कोपरे दाबून मशीन डुगडुगत नाही ना ते बघा. मग प्लग काढून झाकण उघडा आणि ड्रमच्या काठावर दोन्ही हात ठेवून चार-पाच सेंटिमीटर खाली दाबून सोडा. टब वर येऊन एखाद हेलकाव्यात थांबला पाहिजे. तीन-चार वेळा वरखाली होत राहिला, तर टोप्यांचं घर्षण संपलंय. नंतर टब आणि बॉडी यांच्यातलं अंतर चारही बाजूंनी बोटाने मोजा. समतल मशीनमध्ये रिकामा टब साधारण मधोमध असतो. एका कोपऱ्यात बोट जात नाही आणि समोरच्या कोपऱ्यात दोन बोटं सहज जातात, अशी स्थिती असेल तर स्प्रिंग बसलीय किंवा वरची वाटी फुटलीय.

शेवटी कपडे न घालता नुसतं स्पिन लावा. रिकामा ड्रमही आपटत असेल तर रॉडशिवाय दोन गोष्टींचा विचार करावा लागतो. ड्रमच्या वरच्या काठाला जी जाड प्लॅस्टिकची कडी असते, तीच बॅलन्स रिंग, ती पोकळ असते आणि तिच्यात मिठाचं पाणी भरलेलं असतं. कपडे एका बाजूला गेले की ते पाणी दुसऱ्या बाजूला सरकून तोल सांभाळतं. कडीला चीर गेली की पाणी गळतं, सुकल्यावर कधी पांढरे डाग दिसतात, आणि मग कितीही रॉड बदला, तोल यायचा नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ड्रम ज्या नटने शाफ्टला धरलेला असतो तो सैल असणं. ड्रमच्या तळाशी कपडे घुसळणारा जो पंखा असतो, तो काढला की हा नट दिसतो. ड्रमचा काठ धरून हलवल्यावर बाहेरचा टब न हलता ड्रम एकटाच डुलत असेल तर तिकडे बघा.

गिअरबॉक्सचं मी नाकारत नाही, पण तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत त्याचं एकही नाही. गिअरबॉक्स किंवा क्लच बिघडला की धुताना पंख्याबरोबर ड्रमही फिरायला लागतो, किंवा स्पिनला ड्रम वेगच घेत नाही, किंवा मशीनखाली गंजाळ पाणी ठिबकतं. यांतलं काही असेल तर मेकॅनिकला दाखवायला सांगा. दाखवता येत नसेल तर तूर्तास राहू द्या.

आता चारही का. चार स्प्रिंगा एकाच दिवसापासून तेच वजन उचलत आल्या आहेत, त्यामुळे सगळ्या थोड्याफार सारख्याच बसतात. एका कोपऱ्यात नवी टाकली की तो कोपरा वर उचलला जातो आणि टब तिरका लटकतो. नव्या टोपीचं घर्षण जास्त, बाकी तिन्हींचं कमी, म्हणून हेलकावाही वेडावाकडा होतो. महिन्याभरात दुसऱ्या कोपऱ्याची तक्रार येते. याला अपवाद आहे: मशीन दोन-तीन वर्षांचंच असेल आणि एक रॉड गंजून किंवा वाटी फुटून सुटला असेल, तर एकच बदलायला हरकत नाही. तुमचं तसं नाही.

खरेदी करताना मशीनच्या मागच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर न्या, नुसतं कंपनीचं नाव आणि किलो सांगून चालत नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये पुढचे दोन आणि मागचे दोन रॉड वेगळे असतात, कारण मोटरचं वजन टबच्या एका बाजूला पडतं. टोपीचा किंवा वरच्या वाटीचा रंग वेगळा असतो, किंवा लांबीत, स्प्रिंगच्या जाडीत फरक असतो. माझा आग्रह असा की एक पुढचा आणि एक मागचा जुना रॉड काढून पाहिल्याशिवाय सेट घेऊ नका, किंवा निदान मोबाइलवर त्यांचे फोटो काढून न्या. ‘युनिव्हर्सल’ म्हणून मिळणारे रॉड मी टाळतो. ते बसतात, पण टब मूळ उंचीवर येत नाही. चांगल्या प्रतीचा लोकल सेट मात्र त्याच मॉडेलचा असेल तर वाईट नसतो. हातात धरून टोपी वरखाली सरकवा. ती अडखळत नाही पण सहजही जात नाही, असा एकसारखा विरोध चारही रॉडमध्ये लागला पाहिजे.

रॉडला हात लावण्याआधी, प्लग काढून वरचं कव्हर उचललं की (ते कसं ते पुढे सांगतो) एकच गोष्ट तपासा, कारण तिच्यावर सगळं अवलंबून आहे. टॉर्च घेऊन बॉडीचे चार वरचे कोपरे बघा, जिथे रॉडची वाटी टेकते तो पत्रा. ड्राय बाल्कनीत चार महिने पावसाची झड येते, वाशी-ऐरोलीसारखी खाडीलगतची घरं असतील तर हवाही खारी. तळाचा पत्रा गंजलेला असतो ते चालतं, पण वरचा कोपरा गंजून पोपडे सुटत असतील तर तिथे नवे रॉड टाकणं म्हणजे पैसे वाया. तो पत्रा भारित अवस्थेत फाटला तर टब थेट खाली येतो. अशा मशीनला मीही नवीन घ्या म्हणतो. कोपरे धड, मोटर धड, ड्रम धड असेल तर सात वर्षं हे काही वय नाही.

प्रत्यक्ष काम असं. प्लग काढा, नळ बंद करा, इनलेट पाइप सोडा, आत पाणी असेल तर ड्रेन पाइप खाली टाकून काढा. हातात जाड मोजे घाला, आतल्या पत्र्याची कड ब्लेडसारखी लागते. वरचं कव्हर बहुतेक मशीनमध्ये मागच्या दोन स्क्रूंवर आणि पुढच्या स्क्रूंवर किंवा खाचांवर असतं. स्क्रू काढून ते हळूच उचला. खेचू नका, कारण पॅनेलच्या वायरी आणि पाण्याची पातळी मोजणारी बारीक नळी त्याला जोडलेली असते. ती नळी दुमडली किंवा निसटली तर उद्या मशीन पाणी थांबवणारच नाही. वायरी सोडवायची गरज सहसा पडत नाही, कव्हर मागे कलतं करून दोरीने बांधून ठेवलं की पुरे. मागे किंवा खाली कॅपॅसिटर दिसेल, त्याला हात लावू नका. प्लग काढल्यावरही त्यात करंट साठलेला असू शकतो.

एका वेळी एकच रॉड काढायचा. हे विसरून दोन काढले की टब एका अंगावर पडतो आणि ड्रेनची नळी किंवा वायर तुटते. दुसऱ्या माणसाने त्या कोपऱ्यातून टब दोन्ही हातांनी वर उचलायचा. मशीनच्या तीसेक किलो वजनातला मोठा भाग टबचाच असतो, त्यामुळे टब आणि बॉडी यांच्यात लाकडाचा तुकडा किंवा घडी केलेला जाड टॉवेल अडकवला तर हाताला आराम मिळतो. भार गेला की रॉडचं वरचं टोक वाटीसकट उचलून कोपऱ्याच्या खाचेतून बाहेर घ्या. मग खालचं टोक टबच्या कानातून सोडवायचं. काही मॉडेलमध्ये कानाला बाजूने खाच असते आणि रॉड तिथून सरळ निघतो, काहींत तो खाली ओढून काढावा लागतो. त्यासाठी मागचं कव्हर उघडावं लागतं किंवा मशीन मागे कलवून कोणीतरी धरावं लागतं. जुना आणि नवा शेजारी ठेवून लांबी आणि रंग जुळवा, नवा उलट क्रमाने बसवा, वाटी खाचेत पूर्ण बसली ना ते बोटाने चाचपा. मग पुढचा कोपरा.

ग्रीसबद्दल नेहमी विचारतात. नवीन रॉडच्या टोपीत कंपनीचं ग्रीस भरलेलंच असतं, ते पुसू नका आणि वर काही भरूही नका. गाडीचं साधं ग्रीस, शिलाई मशीनचं तेल, गंज काढायचा स्प्रे, यांतलं काहीही टोपीत गेलं की घर्षणच संपतं, आणि आपल्याला तर तेच हवं असतं. जुन्या रॉडवर तेल मारून कुरकुर बंद झाली म्हणून खूश होणारे लोक मी पाहतो. आवाज जातो, आपटणं वाढतं. वरच्या वाटीत, जिथे रॉडचं टोक टेकतं, तिथे किंचित सिलिकॉन ग्रीस लावलं तर चालतं.

कव्हर लावण्याआधी दाबून सोडण्याची चाचणी पुन्हा करा, चारही बाजूंचं अंतर बघा. मग कव्हर बसवा, रिकामं स्पिन लावा, आणि त्यानंतर तीन-चार टॉवेल घालून एक पूर्ण सायकल करा. पहिल्या एक-दोन धुण्यांत नव्या टोप्यांचा बारीक घासल्यासारखा आवाज येऊ शकतो. चाकांचा स्टँड परत खाली घालू नका. उंदरांसाठी किंवा तळ कोरडा राहावा म्हणून उंची हवीच असेल, तर बिनचाकांचा लोखंडी स्टँड घ्या आणि त्यावर मशीन पुन्हा पाणसळीने समतल करा.

राहिला कपड्यांचा भाग, कारण रॉड नवे असूनही तोल बिघडवणारी एक गोष्ट पावसाळ्यात घरोघरी मशीनमध्ये जाते. रेनकोट, विंडचीटर, लहान बाळाच्या खालचं वॉटरप्रूफ शीट. यांतून पाणी निथळत नाही, घडीत लिटरभर पाणी अडकून राहतं आणि पूर्ण वेगात ते एकदम सरकतं. तेव्हा तो वर सांगितलेला हिशेब एका किलोवर थांबत नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये सॅमसंगने सुमारे २८ लाख टॉप लोड मशीन परत मागवली, ती अशाच तोल बिघडण्यामुळे. स्पिनमध्ये वरचं कव्हर सुटून येण्याचा धोका होता, आणि बेडिंग व वॉटरप्रूफ कपडे कमी वेगाच्या सायकलवरच धुवा, अशी सूचना दिली गेली. ती मॉडेलं तिथली होती, पण कारण आपल्या मशीनलाही लागू आहे. तसंच एकटंच पायपुसणं किंवा एकटीच जीन्स टाकून स्पिन लावू नका, सोबत दोन-चार टॉवेल टाका. रेनकोट बाथरूममध्ये हातानेच धुवा.